खाटेचा पाय

बैठक सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि शिवांजलीचं लक्ष चहाच्या पेल्यात पडलेल्या माशीकडं होतं, तेवढ्यात पडद्यावरचे दिल्लीचे गृहस्थ म्हणाले की या वाक्यात ‘शक्यतो’ हा एक शब्द घालायला कुणाची हरकत नसावी. वाक्य शिवांजलीचं होतं. पाळणाघरात मुलाला कोणत्याही कारणानं बांधून ठेवू नये, एवढंच ते वाक्य. देशभरातल्या पाळणाघरांचा दर्जा कसा असावा याची मानकं ठरवणाऱ्या त्या मोठ्या गटात धाराशिवची ही एकटीच. सेविकांना प्रशिक्षण देता देता तिचं नाव कुणीतरी वर पाठवलं होतं, आणि खिडकीला जाळी हवी की गज, एका बाईकडं मुलं किती, पाण्याचा माठ कुठं, अशा गोष्टींवर ती आजवर समजूतदारपणे मान डोलावत आली होती. गृहस्थांचं म्हणणं तसं गैरही नव्हतं. गरीब मुलखात एकट्या बाईच्या गळ्यात दहा-वीस मुलं पडतात, दाराबाहेर रस्ता असतो, मागं विहीर असते, मध्ये चूल पेटलेली असते. नियम इतका कडक केला तर पाळणार कोण. सगळ्यांच्या माना हलल्या. शिवांजलीनं मात्र टेबलाखाली आपला उजवा पाय खुर्चीच्या पायापासून बाजूला ओढून घेतला. आपण असं केलं हे तिला जरा वेळानं कळलं, आणि मग इतका राग आला की पुढचं बोलणं तिला ऐकूच आलं नाही.

राग जुना होता, पण शिळा नव्हता. तो तिनं लोणच्यासारखा सांभाळला होता, ओला हात लागू दिला नव्हता. मुरुमला मार्केट यार्डाच्या मागं चन्नम्माची खोली होती. आई तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स, वडील मास्तर म्हणून दूरच्या गावी, रविवारी येणारे. आजी सोनारीला शेतावर, आणि सुनेनं नोकरी करणं तिला कधीच पटलेलं नव्हतं. त्यामुळं शिवांजली आणि तिचा धाकटा भाऊ शंभू दिवसभर चन्नम्माकडं असत. यार्डात धान्य निवडणाऱ्या बायकांचीही मुलं तिथंच असत. चार वर्षांची शिवांजली एका जागी ठरणारी नव्हती, म्हणून चन्नम्मा जुन्या लुगड्याची एक पट्टी घेई, एक टोक तिच्या घोट्याला आणि दुसरं खाटेच्या पायाला बांधे. यात कुणाला वावगं वाटत नसे. रानात बायका मुलाला बाभळीला बांधत, खळ्यावर बैलगाडीच्या चाकाला बांधत. पळणारं मूल बांधायचं, न पळणारं सोडायचं, एवढा साधा हिशोब. शंभू अजून रांगत होता, म्हणून तो मोकळा. त्या दुपारी बाकीची मुलं आयांबरोबर घरी गेली होती आणि चन्नम्मा तिच्यापुढं मूठभर चिंचोके टाकून दळण आणायला गेली. त्यातला एक घरंगळला. तिनं हात लांब केला, मग पाय ताणला, पट्टी घोट्यात रुतली आणि चिंचोका हातभर लांबच राहिला. शंभू तिकडून रांगत आला, त्यानं तो उचलला आणि तोंडात टाकला. ती ओरडली. ओरडली का? इथं आठवण दर वेळी जराशी वेगळी होते. कधी ती ओरडते, कधी नुसती बघत बसते, आणि फार वाईट दिवशी चिंचोका घरंगळतच नाही, तो तिच्या तळहातावर असतो आणि शंभू तिच्या तळहातावरून घेतो. पट्टी मात्र दर वेळी असते. पट्टी असली म्हणजे तिचा हात पोचला नाही, आणि हात पोचला नाही म्हणजे तिनं दिला नाही. तिच्या सगळ्या आयुष्याला टेकू म्हणून तेवढीच एक चिंधी होती. मग शंभूचा निळा पडलेला चेहरा, आणि मग दोन हात, तिच्या घोट्याची गाठ सोडणारे, घाईनं, नख लागेल इतक्या घाईनं. गल्लीतली माणसं आत आली तेव्हा ती मोकळी बसलेली होती.

गावात गोष्ट पसरली ती अशी, की बहिणीनं खेळता खेळता भावाला चिंचोका भरवला. एवढ्याशा पोरीला कोण मारणार? कुणी मारलं नाही, कुणी धड बोललंही नाही. आजी सोनारीहून आली आणि तिनं शिवांजलीला सोडून सगळ्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. वडील आधी तिला बाळ म्हणायचे, ते नंतर पोरगी म्हणायला लागले, आणि गेले तेव्हाही पोरगी जेवली का असंच विचारत गेले. घरात चिंच यायची बंद झाली. आमटीत आमसूल पडायला लागलं, आणि पाहुण्यांनी विचारलं की कुणीतरी डोळ्यांनीच शिवांजलीकडं दाखवायचं. राखीपौर्णिमेला तिला सोनारीच्या काळभैरवाला राखी वाहायला नेत, कारण हिला आता भाऊ नाही. का नाही, हे देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा ठाऊक. एकदा, आठ-नऊ वर्षांची असताना, तिनं धीर करून मावशीला सांगितलं की तेव्हा मला बांधलेलं होतं. मावशी म्हणाली, “बांधून एकटं सोडून चन्नम्मा जाईल व्हय? सपान पडलं असंल तुला.” शिवांजलीनं आईकडं पाहिलं. आई पीठ चाळत होती, तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी शिवांजलीनं ठरवलं की हे एकदा चन्नम्माच्याच तोंडून वदवून घ्यायचं, सगळ्यांसमोर. इतर मुलींनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, लग्नाचं ठरवलं. हिनं हे ठरवलं. पुढं ती जे शिकली, ज्या नोकऱ्या केल्या, बालविकासाच्या ज्या कार्यशाळांत हसून टाळ्या वाजवल्या, ते सगळं याच एका वाटेवरचं होतं, असं आता तिला वाटे. यात काही उदात्त नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

म्हणून ‘शक्यतो’ तिनं जाऊ दिलं नाही. ती इतकं बोलली, इतकी उदाहरणं दिली, की गृहस्थ शेवटी हात जोडून म्हणाले, राहू द्या मॅडम, तुमचं वाक्य राहू द्या. सगळ्या देशाला लागू होणारं वाक्य, आणि ते लिहिलं होतं मुरुमच्या एका म्हातारीसाठी. या विचारानं तिला घरी जाताना रिक्षात एकटीलाच हसू आलं. नंतर मसुद्याची चाचणी घ्यायची ठरली. जिल्ह्यातली काही पाळणाघरं निवडून नव्या मानकांनी ती तपासायची. यादीत चन्नम्माचं नाव दिसलं तेव्हा तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. म्हातारी जिवंत असणारच, आपल्यासाठी. यार्डातल्या आडत्यांच्या मदतीवर ते पाळणाघर अजून चालत होतं, आणि चाचणीत नापास झालं की ती मदत थांबणार होती. तिच्याबरोबर तपासणीला जाणारी उझमा ही जुनी सहकारी, परंड्याची, तोंडानं फटकळ. शिवांजलीनं तिला एवढंच सांगितलं की ही बाई मुलं बांधते, हिचं बंद पाडायचं. उझमा म्हणाली, “आधी बघू तर. तू तर घरूनच निकाल बांधून आणलास.” शिवांजलीनं मनातल्या मनात त्या म्हातारीचा चेहरा कितीतरी प्रकारांनी पडलेला पाहिला होता: बायकांच्या घोळक्यात, यार्डाच्या फाटकात, गुडघ्यांवर. झोप येत नसली की ती त्यातला एखादा निवडून पाही, आणि मग झोप लागे.

निघायच्या सकाळी आई भैरवीला अंघोळ घालत होती. भैरवी शिवांजलीची मुलगी, दोन वर्षांची. नवरा रणधीर कुर्डुवाडीला नोकरीला, शनिवार-रविवार येणारा. तेव्हा भैरवी खऱ्या अर्थानं आजीचीच होती. तिच्या हातून जेवायची, तिच्या पोटावर झोपायची, रात्री जागी झाली तर आधी आजीला हाक मारायची. आईनं निवृत्तीनंतर दुसरं कशात म्हणून लक्ष घातलं नव्हतं. पोरीला मांडीवर पालथी घेऊन तेल चोळताना तिचे हात असे चालत की शिवांजली दारात उभी राहून बघत राही, आणि आपल्याला कधी कुणी असं चोळलं होतं का ते आठवू पाही. आई म्हणाली, “मुरुमला कशाला जायचं एवढ्या लांब? परंडा जवळ हाय की. तिथं न्हाईत का पाळणाघरं?” शिवांजली म्हणाली, यादीत मुरुम आहे. आईनं टॉवेल घेतला, पोरीचं डोकं पुसलं, फार वेळ पुसलं. “ऊन लागंल, डोक्याला बांधून जा,” एवढंच ती पुढं म्हणाली.

मानकांत एक पद्धत होती, ती शिवांजलीनंच सुचवलेली. तपासणाऱ्यानं खुर्चीवर बसायचं नाही. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर बसायचं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि अख्खी सकाळ न बोलता बघायचं. कागदावर हे फार चांगलं दिसलं होतं. मुरुमच्या त्या खोलीत शहाबादी फरशीवर ती खाली बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःलाच खड्डा खणून ठेवलाय. उभं राहिल्यावर खोली परकी होती. भिंतींना हिरवा रंग, पंखा, प्लास्टिकची चटई. खाली बसल्यावर ती जशीच्या तशी परत आली. दाराच्या उंबऱ्याची तीच झिजलेली कड, उजेडाचा तोच पट्टा, यार्डातून येणारा तोच तुरीच्या भुशाचा वास, घशात खाजणारा. खाट नव्हती. खाटेच्या जागी एक मूल ठोकळे रचत होतं. शिवांजलीचा घोटा गरम झाला. तिनं इकडंतिकडं दोरी शोधली, चिंधी शोधली, खिडकीच्या गजांवर घासल्याच्या खुणा शोधल्या, आणि तिला काही मिळालं नाही. दाराला लाकडाची अर्धी फळी बसवलेली होती, कडी बाहेरून, मुलांचा हात पोचणार नाही अशी. एक मूल फळीपाशी जाऊन यार्डाकडं बघत राही, कंटाळलं की परत येई. चन्नम्मा सत्तरीला टेकलेली, कमरेत वाकलेली, भिंतीला टेकून बसली होती आणि मुलं तिच्या अंगावरून चढउतर करत होती. तिला ती कानडीत अव्वा, म्हणजे आई, म्हणत. एकाचं नाक तिनं पदरानं पुसलं. एका रडणाऱ्याला तिनं काही केलं नाही, नुसतं जवळ बसू दिलं, आणि ते थांबलं. मान्य करायला शिवांजलीला जड गेलं, पण पाळणाघर चांगलं होतं. तिची स्वतःची मापं लावली तरी चांगलं होतं. संडासाची पायरी उंच, एका खिडकीला जाळी नाही, बस, एवढंच. तिला वाटलं आपल्या ताटातलं कुणीतरी उचलून नेलं. एवढा सगळा देश पालथा घालून ती या कोपऱ्यात आली होती, आणि म्हातारी सुधारून बसली होती.

दुपारी मुलं झोपली. उझमा आयांशी बोलायला यार्डात गेली. राहिलेले प्रश्न चालकबाईला विचारायचे होते. शिवांजलीनं ते ओळीनं विचारले, आवाज अजिबात न बदलता. पाणी उकळता का. आजारी मुलाला घरी पाठवता का. मुलांना कधी बांधून ठेवता का.

“न्हाय.”

“पूर्वी?”

चन्नम्मानं झोपलेल्या एका मुलावरची माशी हाकलली. मग ती म्हणाली, “पूर्वी बांधत हुते. तुलाबी बांधलं हुतं.”

पंखा फिरत होता. शिवांजलीनं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, “ओळखलंत?”

“चप्पल काढलीस तवाच. नर्सबाईचा पाय हाय तुजा. आंगठ्याशेजारचं बोट लांब.” म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं. “सकाळपासनं वाट बघतीया, कवा इचारतीस म्हून.”

“मग गावाला का सांगितलंत, चिंचोका मी दिला म्हणून?” हा आवाज आपला आहे हे तिला ऐकल्यावर कळलं. तो बारीक होता, लहान मुलीचा. तिला त्याची लाज वाटली आणि त्या लाजेनं राग आणखी पेटला. “मी बांधलेली होते. माझा हात पोचत नव्हता. तुम्ही दळणाला गेला होता, आणि परत येऊन गाठ सोडलीत, आणि सगळं माझ्या अंगावर ढकललंत. अजून लोक माझ्याकडं बघतात. माझा बाप मला पुन्हा कधी बाळ न म्हणता मेला.”

“दळणाला गेलते, ते खरं. चूक माजीच. बांधलं ते बी माजंच.” चन्नम्मा हळू बोलत होती, मुलं उठू नयेत म्हणून. “पर गाठ म्या न्हाय सोडली, बाई. म्या आले, लेकरू बघितलं, आन् तशीच दवाखान्याकडं पळाले. तुजी आई माज्याआदी हितं पोचली. तिनं त्याला उलटं केलं, पाठीत मारलं, तोंडात बोट घातलं, समदं केलं. न्हाय झालं काय. मग तिनं तुजी गाठ सोडली. पट्टी आपल्या पिशवीत घातली. मला म्हन्ली, बांधून एकटं सोडलेलं कळलं तर सासू माजी नोकरी सोडवंल आन् गाव तुमाला जगू देणार न्हाय. पोरीचं नाव घिऊ. लेकराला कुनी काय म्हणत न्हाय, ती इसरून जाईल.”

हात आठवत होते. ते तर कायमच आठवत होते, घाईचे, नख लागणारे. शिवांजलीनं डोळे मिटले नाहीत, तरी ते दिसले, आणि या वेळी त्यांतल्या एका मनगटावर घड्याळ होतं. तबकडी आतल्या बाजूला, नाडी बघताना सोयीची पडावी म्हणून नर्सा बांधतात तशी. चन्नम्माच्या हातात उभ्या जन्मात घड्याळ नव्हतं. इतकी वर्षं ती त्या हातांवर चन्नम्माचं तोंड बसवून बघत आली होती आणि घड्याळाकडं तिनं पाहिलंच नव्हतं. किंवा पाहिलं होतं, आणि दुसरीकडं बघितलं होतं, कारण संध्याकाळी त्याच हातांनी तिला भात भरवला होता. चार वर्षांच्या मुलीला कुणाचा तरी राग करायचा असतो, आणि जिच्या हातून जेवायचं तिचा करून चालत नाही. मावशीसमोर चाळलं जाणारं पीठ आठवलं. आईची खाली घातलेली मान आठवली, आणि आमसूल, आणि काळभैरवाच्या पायरीवर राखी हातात देताना आईचं ते गप्प राहणं, ज्याला ती दुःख समजत आली होती.

“म्या नको म्हन्ले हुते,” चन्नम्मा म्हणाली. “पोरीचं नाव नको म्हन्ले. पर म्या बी भ्याले. आन् म्होरल्या आठवड्यात ती तुला परत हितंच घिऊन आली. म्हन्ले, आता माज्याकडं नको ठिवू. तर पाया पडली माज्या. दुसरं कुटं ठिवनार हुती? त्या दिसापासनं बांधायचं सोडलं म्या. सुताराकडनं ती फळी करून घेतली.” मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, “आता बंद करणार व्हय हे?”

शिवांजलीनं खोलीभर पाहिलं. तिला या म्हाताऱ्या बाईचा राग येत होता, येणारच होता, पण तो एकदम लहान आणि कामाचा नसलेला वाटला, चुकीच्या पत्त्यावर नेऊन ठेवलेल्या सामानासारखा. “नाही,” ती म्हणाली. “जाळी बसवा. पायरीला एक टप्पा करा. पास आहे.” चन्नम्मानं हात जोडले नाहीत, आणि शिवांजलीला ते बरं वाटलं.

जीपमध्ये उझमा म्हणाली, “काय गं, बंद पाडणार होतीस ना? आणि पैकीच्या पैकी देऊन आलीस.” शिवांजली म्हणाली, चांगलं आहे पाळणाघर, मग काय खोटं लिहू? उझमानं तिच्याकडं निरखून पाहिलं. “चांगलं झालं म्हणायचं. मनातलं काढून टाकलंस.” शिवांजली खिडकीबाहेर बघत राहिली. तुळजापूरचा घाट आला, गेला. मनातून काही निघालेलं नव्हतं. उलट इतकी वर्षं जो राग अंधारात चाचपडत होता त्याला आता तोंड मिळालं होतं, घर मिळालं होतं, आणि त्या घराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. ती बांधलेली होती हे आईला माहीत होतं. तिचा हात पोचत नव्हता हे आईला माहीत होतं. वडील पोरगी म्हणत तेव्हा समोर ताट वाढताना माहीत होतं. एका शब्दात सगळं संपलं असतं. आजी गेल्यावर तरी. वडील गेल्यावर तरी. नोकरी संपल्यावर तर कुणाचीच भीती नव्हती. आणि ही बाई आता माझ्या मुलीला तेल लावते. हे वाक्य तिच्या मनात आलं आणि तिथंच बसून राहिलं. धाराशिवचे दिवे दिसायला लागेपर्यंत तिला समजलं होतं की चन्नम्माचं काढून घेण्यासारखं काही नव्हतंच. आईचं होतं.

घरी आई भैरवीला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होती. शिवांजली आत आली तशी आईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मग घास कालवत राहिली.

“हाय का चन्नम्मा अजून?”

“आहे. गाठ तू सोडलीस.”

आईची बोटं भातात थांबली. ती नाही म्हणाली असती, रडली असती, तर पुढं काय झालं असतं कुणास ठाऊक. शिवांजली वाटभर दोन्हीची तयारी करून आली होती. आई म्हणाली, “व्हय.” मग, “रोज सांगीन म्हणायचे. मग तू मोठी झालीस, शिकलीस, तुझं बरं चाललं. वाटलं, आता कशाला.”

“माझं बरं चाललं नव्हतं.”

“माहितंय,” आई म्हणाली. ती इतकं खरं बोलत होती की शिवांजलीला ओरबाडायला काही सापडेना. भैरवीनं आजीचा हात धरून आपल्या तोंडाकडं ओढला, तिला घास हवा होता.

शिवांजली म्हणाली, “सोमवारपासून भैरवी पाळणाघरात जाईल. माझ्या कचेरीशेजारी आहे, चांगलं आहे. आणि रात्री माझ्याजवळ झोपेल. तू मावशीकडं उमरग्याला जाऊन राहा थोडे दिवस.”

आईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते शिवांजलीनं कितीतरी रात्री चन्नम्माच्या तोंडावर बसवून पाहिलं होतं. खरं ते असं दिसत होतं, साधं, म्हातारं, तोंड किंचित उघडं. “हिच्या बाबतीत माझं काय चुकलं?” आईनं विचारलं.

“काहीच नाही,” शिवांजली म्हणाली, आणि वाकून तिनं मुलीला उचललं. भैरवीनं आजीच्या पदराची मूठ धरली होती. एकेक बोट उलगडून ती मूठ सोडवावी लागली, आणि पोरगी अशी किंचाळली की शेजारच्यांनी दार उघडलं. आई उठली नाही. उष्टा हात तसाच मांडीवर धरून ती बसून राहिली.

“चार दिवसांत इसरंल ती मला,” आई म्हणाली.

“हो. लेकरू विसरून जातं, असं तूच म्हणाली होतीस. म्हणूनच.”

पोरगी तिच्या खांद्यावरून मागं आजीकडं हात पसरून रडत होती, लाथा मारत होती. शिवांजलीनं तिला घट्ट धरलं, आतल्या खोलीत नेलं आणि पायानंच दार लोटलं. तिला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची तिला भीती वाटत होती, पण तिनं दार उघडलं नाही.